फोटोखालचं नाव

४ मार्च

धाकट्या,

माझं पत्र बघून दचकला असशील. फोन केला असता, पण माझा फोन हल्ली मी सोडून सगळे उचलतात, आणि तुझा उचलणारी ती ऑफिसातली मुलगी मला विचारते, "आपण कोण, कशाबद्दल?" काय सांगू तिला? दिराबद्दल? म्हणून हे पत्र. पाकिटावर माझं नाव नाही. कुणी विचारलं तर एका वाचकाची तक्रार आहे म्हणून सांग. खोटं होणार नाही, कारण तक्रारच आहे.

मंगळवारी तुमच्या पेपरात पहिल्या पानावर माझा फोटो आला, उमेदवारी जाहीर झाल्याचा. जबडा हा एवढा उघडा, डोळे अर्धे मिटलेले, हात वर. कुणाच्या तरी अंगावर धावून चालले आहे असं वाटावं. त्या क्षणी मी काय म्हणत होते माहीत आहे? "बायांनो, खाली बसा, मागच्यांना दिसत नाही." आणि त्याच पानावर खाली तुमचे ते प्राध्यापक उमेदवार. हनुवटीला बोट, नजर खिडकीबाहेर. जशी काही देशाची सगळी काळजी त्या खिडकीबाहेर यांची वाट बघत उभी आहे. तेही सभेत बोलतातच ना रे? की ते तोंड मिटून बोलतात?

मला माझ्या रूपाचं काही नाही. या घरात आले तेव्हाही कुणी रूप बघून आणलं नव्हतं. पण तुझ्या दादांचं काय करू? झटक्यात उजवी बाजू गेली, वाचा गेली, उरले ते डोळे. सकाळी उशी लावून बसवलं की तुमचाच पेपर लागतो. दुसरा समोर धरला तर मान फिरवतात. बातम्या नाही बघत. आधी प्रत्येक फोटोखालची बारीक अक्षरं बघतात, तुझं नाव कुठे आहे का म्हणून. तू कॅमेरा ठेवून फोटोप्रमुख म्हणून टेबलावर बसलास हे कितीदा सांगितलं, तरी बघतातच. मंगळवारी तो फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि डाव्या हातानं पेपर पालथा घातला.

त्या दिवशी तू रजेवर असशील, नाहीतर हे तुझ्या हातून सुटलं नसतं. माझं एकच मागणं आहे. मतं मिळोत, न मिळोत, माझा एक सरळ फोटो छाप. डॉक्टर म्हणतात पुढचा झटका केव्हाही येईल. त्याआधी एखाद्या सकाळी ह्यांच्यासमोर माझं धड तोंड येऊ दे.

वहिनी


११ मार्च

वहिनी,

नमस्कार. आशीर्वाद मागत नाही, मागितला की सोबत उपदेशही येतो.

तुमची तक्रार रीतसर नोंदवली. आता नियमाप्रमाणे तुम्हाला "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत" असं छापील कार्ड येईल, त्यावर कुणाची तरी न वाचता येणारी सही असेल.

फोटो मी निवडत नाही. रात्रीचे संपादक निवडतात, आणि तेही घाईत. शिवाय खरं सांगू? तुम्ही इतक्या आवेशानं बोलता, की मिटलेल्या तोंडाचा फोटो सापडणंच कठीण. आमच्या पोरांनी त्या सभेचे दोनशे फोटो आणले होते. तुम्हाला वाटतो तसा कुणाचा काही डाव नसतो. कॅमेऱ्याला पक्ष नसतो.

इथे आपलं नातं कुणाला माहीत नाही. मुद्दाम लपवलेलं नाही, विषयच निघाला नाही. आपल्या आडनावाची माणसं गल्लोगल्ली आहेत. कृपा करून तुम्हीही तो विषय काढू नका. तुमचा पक्ष आणू म्हणतोय त्या कायद्यावरून इथे वातावरण तापलेलं आहे. घटस्फोट हवा असेल तर दोन वर्षं थांबा म्हणे! ज्याचं जळतं त्याला ती दोन वर्षं किती लांब असतात, हे तुम्ही कुणाला विचारलंत?

दादाला सांगा, येतो एकदा.

धाकटा


२० मार्च

धाकट्या,

"येतो एकदा" हे तू गेली तीन वर्षं सांगतो आहेस. ह्यांना आता मी ते सांगतच नाही.

परवा तुझ्या संपादकांच्या घरी जेवायला गेले होते. पक्षानं लावलं होतं, सगळ्या पेपरवाल्यांशी ओळख असावी म्हणून. पुस्तकांच्या चार भिंती आणि मधे जेवण. मला टेबलाच्या अगदी कडेला बसवलं. यजमानीणबाईंनी माझ्या बाहीची शिवण बोटांत धरून बघितली आणि म्हणाल्या, "स्वतः शिवलंत? किती गोड!" तुमच्या पेपरानं मला "शिवणबाई" हे नाव दिलंय ना, ते त्या बाईंच्या तोंडात अगदी घोळत होतं, फक्त बाहेर पडत नव्हतं. बावीस वर्षं मी बायकांना शिवण शिकवलं, त्यातल्या निम्म्या आज आपल्या पोटापुरतं कमावतात. त्याची लाज मला का वाटावी हे अजून कळलेलं नाही, पण त्या खोलीत मी बाही आत ओढून घेतली खरी.

तुमचे प्राध्यापकही होते. त्यांनी मोठ्या सौजन्यानं विचारलं, "आपली भाषणं कोण लिहून देतं?" मी म्हटलं, "माझ्या सासूबाई. वारल्या त्या, पण सुचवतात." चेष्टा केली रे. त्यांनी गंभीरपणे मान डोलवली आणि शेजारच्याला म्हणाले, "मौखिक परंपरा." इतकी शिकलेली माणसं, पण बाई चेष्टा करते आहे हे एकालाही कळलं नाही. माझ्यासारखी चेष्टा करू शकते हेच त्यांच्या हिशेबात नसावं.

आणि मग तुझे संपादक, दोन प्याले पोटात गेल्यावर, टेबलाच्या त्या टोकाला कुणाला तरी सांगत होते. "त्यांची तोंडं उघडी, आपली मिटलेली. आमच्या फोटोप्रमुखाचं सूत्र आहे. लोकांना बातमी वाचायची गरजच पडत नाही." सगळे हसले. मग म्हणाले, "तो यायचा होता आज, ऐन वेळी डोकं दुखलं त्याचं."

मी तुझं नाव घेतलं नाही. माझा दीर आहे म्हटलं असतं तर त्या टेबलावर तुझी काय पत राहिली असती, ते मला दिसत होतं. दिराची लाज झाकणं माझ्या अंगवळणी पडलेलं आहे. तू शाळेतून पळून यायचास तेव्हा तुझ्या वडलांना मीच सांगायचे, पोटात दुखतंय त्याच्या. आता डोकं दुखतं. मोठा झालास.

पक्षानं मला एक प्रतिमावाला नेमून दिला आहे, लोकांसमोर कसं दिसायचं ते शिकवायला. मोज्यांशिवाय बूट घालतो. तो म्हणतो, "बाई, तक्रार करू नका. असा एकेक फोटो म्हणजे गठ्ठ्यानं मतं. लोकांना वाटतं, हे आपल्याच मावशीला हसताहेत." मी त्याला झापलं. म्हटलं, माझं तोंड वाकडं करून मला मत नको.

पुढच्या रविवारी मी घरी आहे. तू ये. तुझा कॅमेरा घेऊन ये आणि तूच काढ.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

परतल्यापासून दादाच डोळ्यांसमोर आहे. तुम्ही दारात काही बोलला नाहीत, त्या जेवणाचा उल्लेखही केला नाहीत. चार शब्द सुनावले असतेत तर मला हलकं वाटलं असतं, आणि ते तुम्हाला माहीत असणार, म्हणूनच सुनावले नसणार.

फोटो चांगला आला आहे. उगाच सांगत नाही. तुम्ही पलंगाच्या कडेला, दादाच्या शर्टाचं वरचं बटण लावताना. तोंडात सुई धरल्यासारखे तुमचे ओठ घट्ट मिटलेले. आणि दादा तुमच्याकडे बघत नाहीये, माझ्याकडे बघतोय, आणि डाव्या गालानं हसतोय. माझ्या हातून इतक्या वर्षांत असा फोटो निघाला नव्हता. टेबलावर बसून दुसऱ्यांचे फोटो निवडता निवडता हात मेला असेल असं वाटलं होतं.

निघताना दादानं त्या दिवशीच्या पेपरातल्या एका फोटोखाली बोट टेकवून माझ्याकडे बघितलं, ते तुम्ही पाहिलंत ना? मी मान हलवली. आता शब्द मोडणार नाही.

रविवारी, तिसऱ्या पानावर. मी स्वतः देतो आहे.

धाकटा


९ एप्रिल

फोटो बघितला.

वर मथळा: "आजारी नवराही प्रचाराला". खाली बारीक अक्षरात: "छायाचित्र: पक्षाकडून".

मी रविवारी ह्यांना मुद्दाम लवकर उठवलं होतं, दाढी केली होती. पेपर मीच समोर धरला, आधी स्वतः न बघता. एवढा विश्वास. ह्यांनी फोटो बघितला आणि हसले. मग सवयीनं खाली बोट नेलं. ते बोट तिथेच राहिलं. किती वेळ ते माहीत नाही, पण बाजूचा चहा गार झाला होता. मग ह्यांच्या घशातून एक आवाज आला. झटका आल्यापासून असा आवाज मी ऐकला नव्हता.

आता गावभर झालं आहे की शिवणबाईनं मरणाला टेकलेल्या नवऱ्याला मतांसाठी सजवून बसवलं. काल दुधाच्या दुकानात एक बाई मला बघून दुसरीच्या कानाला लागली. त्यांच्या पोटच्या पोरी माझ्याकडे शिकल्या आहेत.

धाकट्या, आणखी काही मागत नाही. एक ओळ छाप. हा फोटो मी काढला, तो माझा भाऊ आहे, ती माझी वहिनी आहे. ती ओळ ह्यांना दाखवायची आहे, बाकी जगाला नाही दिसली तरी चालेल.

वहिनी


१३ एप्रिल

वहिनी,

काय झालं ते आधी ऐका.

आमच्याकडे फोटो पानाकडे जाताना मागे चिठ्ठी लागते, कुणी काढला याची. चिठ्ठी कोरी असेल तर तो पक्षानं पाठवला आहे असं धरायचं आणि तसं छापायचं, हा नियम आहे. नियम मीच केला होता. सगळे पक्ष आपापले गोंडस फोटो गुपचूप आत सरकवतात, त्याला आळा म्हणून. मी चिठ्ठी कोरी ठेवली. वाटलं, माझाच विभाग, मला कोण विचारतंय, बिननावाचा जाईल. रविवारचं पान लावणाऱ्यानं नियम पाळला, आणि पक्षाचा फोटो म्हटल्यावर मथळा दुसरा काय येणार? मी छापून आल्यावरच बघितला. खरंच.

नाव का लिहिलं नाही म्हणाल. लिहिलं असतं तर पहिला प्रश्न, तिच्या घरात तू कसा काय शिरलास? मग नातं, मग इतकी वर्षं का लपवलंस. आता ती ओळ छापायची म्हणजे मथळा खोटा होता हे पेपरानं मान्य करायचं, तेही मतदानाच्या तोंडावर. संपादक छापणार नाहीत, आणि मी हट्ट धरला तर उद्यापासून मी इथे तुमचा माणूस. मतदान होऊ द्या. मग मी स्वतः लिहितो, सविस्तर लिहितो.

आणि एक सांगू? तुम्हीही काही कमी नाही. गेल्या महिन्यातलं तुमचं ते वाक्य, "ज्यांना स्वतःचं घर टिकवता आलं नाही, त्यांनी आम्हाला देश शिकवू नये". टाळ्या थांबत नव्हत्या. माझ्या टेबलावर त्या टाळ्यांचेच फोटो आले होते. घटस्फोटाआधी मी आणि माझी बायको शेवटची दोन वर्षं एका घरात कसे राहिलो ते तुम्हाला ठाऊक आहे. ती तुमच्याच खांद्यावर रडली होती. तुमचा कायदा असता तर आणखी दोन वर्षं तसंच काढायला लागलं असतं. माझं उघडं तोंड तुम्हीही छापलंत वहिनी, फक्त फोटो नव्हता.

धाकटा


२७ एप्रिल

धाकट्या,

ते वाक्य तुझ्यावर नव्हतं, असं लिहायला बसले होते. दोनदा लिहून खोडलं. वाक्य सुचलं तेव्हा तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला होता. मी तो बाजूला सारला, कारण वाक्य चांगलं होतं. तेव्हा तेवढं तुझं खरं.

कायद्याचं म्हणशील तर ती माझ्या खांद्यावर रडली होती म्हणूनच मी तो पक्षापुढे मांडला. मला वाटलं होतं, अजून थोडं थांबला असतात तर जुळलं असतं. अजून वाटतं. यावर तुझं-माझं जमणार नाही, न जमो. त्यासाठी वहिनी-दीर असणं थांबत नाही असं मी समजत होते.

मतदानानंतर लिहितो म्हणालास. तरी त्या ओळीच्या आशेनं मी दहा दिवस रोज तुमचा पेपर ह्यांच्यासमोर धरला. अकराव्या दिवशी ह्यांनीच मान फिरवली.

मग परवा प्रतिमावाल्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, हे तुम्ही इतके दिवस घरात ठेवलंत?" काल मैदानावर सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, "माझा दीर" एवढंच म्हटलं. सून म्हणून आले तेव्हा जो माझ्या पदरामागे लपायचा, त्याला आज मोठ्या लोकांच्या टेबलावर वहिनीची लाज वाटते. माणसं उठून उभी राहिली. बायका रडत होत्या. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. ते खरं होतं की नाही, हे मला आता सांगता येत नाही. बोलताना समोर तुमच्या फोटोवाल्यांची रांग दिसली, आणि मी मुद्दाम, समजून-उमजून, तोंड मोठं उघडलं.

तुझ्या मंगळवारच्या त्या फोटोची आता भित्तिपत्रकं झाली आहेत. चौकाचौकात लावली आहेत. मीच हो म्हटलं.

वहिनी


६ मे

वहिनी,

अभिनंदन. इतक्या मतांनी निवडून याल अशी तर तुमच्या पक्षालाही अपेक्षा नव्हती. मंत्रिपदही मिळेल म्हणतात.

माझी इथे गच्छंती होईल असं तुम्हाला वाटलं असेल. उलटंच झालं. तुमच्या भाषणातला दीर मीच, हे रातोरात सगळ्यांना कळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा विभाग माझ्या टेबलाशी. संपादकांनी खांद्यावर हात ठेवला आणि लेख लिहिला, "आमच्या सहकाऱ्यावर झुंडीचा हल्ला". तिसऱ्या पानावरचा तो फोटो त्यांनी परत छापला, आता माझ्या नावानिशी. मथळा मात्र चुकला होता असं कुठेही म्हटलं नाही. म्हणाले, बघा, आम्ही काही लपवत नाही. दादानं तो अंक बघितला का?

जेवणाची बोलावणी येताहेत. टेबलाभोवती बसून सगळे विचारतात, "तसल्या घरात वाढलास तरी असा कसा झालास?" अगदी मायेनं विचारतात. तुम्ही मला दूध-भाकरी भरवायचात हे सांगितलं तर एक बाई म्हणाल्या, "हो, ती माणसं प्रेमळ असतात." वहिनी, त्या क्षणी मला ताट उचलून फेकावंसं वाटलं. मी फेकलं नाही. मी म्हटलं, "खरं आहे."

मतदानानंतर लिहीन म्हणालो होतो. आता काय लिहू? माझं नाव छापून आलं आहे आणि ते माझं वाटत नाही.

दादाला भेटायला येऊ का? तुम्ही नाही म्हणालात तरी समजेन.

धाकटा


११ मे

धाकट्या,

तो अंक घरात येऊ दिला नाही. तुमचा पेपर आता घरी बंद केला आहे.

शपथविधी झाला. त्या दिवशी आरशासमोर उभी राहून सराव केला, कसं बघायचं, कुठे थांबायचं. प्रतिमावाला मागे उभा होता. म्हणाला, "बाई, आता तुम्हाला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही." आधी बरं वाटलं, मग घरी येऊन तोंड धुताना कसंसंच झालं. शिवणवर्गाच्या बायका भेटायला आल्या होत्या, त्याही जरा अंतर राखून बसल्या. एकीनं तर मला "माननीय" म्हटलं.

ह्यांना भेटायला ये. आता फार दिवस नाहीत. खात नाहीत, फक्त दारांकडे बघतात.

पण समजून ये. फाटकासमोर सगळे पेपरवाले, टीव्हीवाले आहेत, पक्षाची माणसं आहेत. पुढून आलास तर भाऊ म्हणून सगळ्या जगासमोर यावं लागेल, आणि मंत्रीबाईंनी दिराला पोटाशी धरलं हा फोटो उद्या सगळीकडे असेल. माझ्या लोकांना तो हवाच आहे. तुझ्या लोकांना तो चालणार नाही. ते नको असेल तर मागे स्वयंपाकघराचं दार आहे, बोळातून येतं. ते अठरा तारखेला दुपारी उघडं ठेवते. कुणाला कळणार नाही.

मी आग्रह करणार नाही. कुठून यायचं ते तू ठरव.

वहिनी


१८ मे, संध्याकाळ

वहिनी,

मी येऊन गेलो.

बसमधून उतरलो तेव्हा पुढूनच यायचं ठरवलं होतं. कोपऱ्यावरच्या झाडाखाली बराच वेळ उभा राहिलो. तिथून फाटक दिसत नाही. मग पक्षाची एक गाडी वळली, तिच्यावर तुमचं ते भित्तिपत्रक होतं, आणि माझे पाय बोळाकडे वळले. तो फोटो मीच निवडला होता, वहिनी. तुम्हाला माहीत आहेच, पण मी कधी तोंडानं म्हटलं नव्हतं.

घरात कुणी नव्हतं. सांभाळणारी बाई अंगणात कपडे वाळत घालत होती, तिनं मला बघितलं नाही. दादा जागा होता. मी पलंगावर बसलो, त्याचा डावा हात हातात घेतला. काय बोललो ते लिहीत नाही. त्याला कळलं असं वाटलं. तो पुन्हा पुन्हा पुढच्या खोलीकडे डोळे फिरवत होता, तुम्ही याल म्हणून असेल. मीही वाट बघितली. मग वाटलं, तुम्ही फाटकावर त्या सगळ्या लवाजम्यात अडकला असाल, आणि तुम्ही आत आलात तर तेही मागोमाग येतील. म्हणून निघालो, आलो तसाच.

दादाला सांगा मी परत येईन. पुढच्या वेळी पुढून.

धाकटा


२८ मे

धाकट्या,

तुझं पत्र आलं त्याआधीच ह्यांना जाऊन दोन दिवस झाले होते. एकोणीसला सकाळी गेले. अंत्ययात्रेत मी तुला बघितलं. तू दोरीच्या पलीकडे उभा होतास, फोटोवाल्यांमध्ये. मला वाटलं, कामावर आला असशील. म्हणून बोलावलं नाही.

तुझं पत्र वाचेपर्यंत मी समजत होते की तू अठराला आलाच नाहीस. तू जिथे उभा होतास तिथून फाटक दिसत नाही, तेव्हा तुला कळलं नसणार. फाटकावर कुणीही नव्हतं. सगळ्यांना मी सकाळीच घालवलं होतं. प्रतिमावाला थांबू द्या म्हणून पाया पडायचाच काय तो बाकी राहिला होता, त्यालाही दुपार होता होता घालवलं, आणि तू बघितलीस ती गाडी त्याचीच, जाणारी. मला वाटलं होतं, तू पुढून येशील. येशील आणि बघशील की कुणी नाही, नुसती वहिनी उभी आहे. दुपारभर मी एकटी तिथे उन्हात उभी होते. सावली दुसऱ्या बाजूला गेली तेव्हा आत आले.

मी जाम चिडलेली होते. ह्यांच्याशी बोललेही नाही. ते पलंगावरून डावा हात उचलून स्वयंपाकघराच्या दाराकडे दाखवत होते. पुन्हा पुन्हा दाखवत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घशातून तो आवाजही येत होता. मला वाटलं, दार उघडं राहिलंय, वारा लागत असेल ह्यांना.

मी उठले आणि ते दार लावून घेतलं. आतून कडी घातली. तरी हात खाली येईना, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले, "लावलंय हो, लावलंय!" मग त्यांनी हात खाली ठेवला.

वहिनी